बोट ठेवायला जागा

छापखाना बंद पडला तेव्हा भिंगबाईनं तिथून दोन वस्तू आणि एक अक्कल घरी आणली. एक वस्तू म्हणजे सहा फुटी टेबल, त्यावर अकरा वर्षं तिनं मुद्रितं तपासली होती. दुसरी पितळी कडीचं भिंग, त्यावरून तिला हे नाव पडलं होतं. अक्कल मात्र मास्तरांची.

मास्तर छापखान्यात मांडणीचं काम करायचे. माणूस तिरसट. बोलायला लागले की समोरच्यानं खुर्ची चार बोटं मागे घ्यावी. पहिल्याच महिन्यात भिंगबाईनं एक जाहिरात इतकी नितळ करून गिऱ्हाइकापुढे ठेवली की कुठे नख लावायला फट नाही. गिऱ्हाइकानं कागद उलटा केला, सुलटा केला, चष्मा काढला, परत घातला, आणि म्हणाला की हिरव्याचं निळं करा, वरचं खाली घ्या आणि माझा फोटो मधोमध येऊ द्या. काम मातीत गेलं. ती कोपऱ्यात तोंड पाडून बसली तेव्हा मास्तर हात पुसत आले.

"पोरी, गिऱ्हाइकाला बोट ठेवायला जागा द्यावी. नाही दिलीस तर तो नको तिथे ठेवतो."

झालं. तेवढ्या एका वाक्यावर तिनं पुढे स्वतःचा धंदा उभा केला. घरात बसून दुकानदारांची, डॉक्टरांची, शिकवण्यांची बोधचिन्हं काढायची, पत्रकं करायची, वेबसाइट बांधायच्या. आणि प्रत्येक कामात एक चूक मुद्दाम ठेवायची. एकच. तिला ती गालबोट म्हणायची. नजर तिथे अडकावी आणि बाकीचं काम बचावावं.

गालबोट लावणं हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे. चूक अशी हवी की ती गिऱ्हाइकाला त्याच्याच धंद्याच्या ज्ञानातून दिसावी, म्हणजे त्याची छाती फुगते. दातांच्या डॉक्टरांसाठी तिनं खालच्या दाढेला तीन मुळं काढली. डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. मॅडम, खालच्या दाढेला दोनच मुळं असतात, म्हणाले, आणि मग पंधरा मिनिटं दाढेवर बोलले. रंग, अक्षर, मांडणी, कशाकडे म्हणून पाहिलं नाही. फरशीवाल्याच्या पत्रकात तिनं एका फरशीची रेघ केसभर सरकवून ठेवली. त्यानं नुसता अंगठा फिरवला आणि ओळखली. पोहणं शिकवणाऱ्या गुरुजींना तिनं चित्रातल्या माणसाची बोटं पाण्यात फाकवून दिली. गुरुजी म्हणाले, असा पोहला तर बुडेल हो तो. तिनं जीभ चावली, दोन मिनिटांत बोटं मिटवली, आणि काम जसं तिला हवं होतं तसं पार पडलं. पुढे हे तिघं भेटेल त्याला सांगत सुटले की बाई फार चांगलं काम करतात, आणि मुख्य म्हणजे ऐकून घेतात.

रविवारी घरात याचा तमाशा व्हायचा. भिंगबाई डॉक्टरांची नक्कल करायची, अर्ध्या खुर्चीतून उठून दाखवायची. नवरा हसून हसून डोळे पुसायचा. तो एका विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायच्या टेबलावर होता आणि तिथे हसण्यासारखं काही घडत नसे. एकदा तो घरी आला तोच मिश्किल तोंड करून. म्हणाला, तुझी विद्या आज आमच्याकडे चालवली. एका बाईंचा दावा फेटाळायचा होता. पत्रात त्यांच्या नवऱ्याच्या अपघाताची तारीख मुद्दाम एक दिवस चुकवली. बाई तावातावानं आल्या, तारखेवरून भांडल्या. आम्ही माफी मागितली, तारीख दुरुस्त करून नवं पत्र हातात दिलं. बाई समाधानानं गेल्या. दावा गेला तो गेलाच.

भिंगबाई हसली होती. पुढे कित्येकदा तिला आठवलं, की आपण हसलो होतो.

सासूबाई या बैठकीत हसायच्या नाहीत. कोपऱ्यात बसून जुन्या लोकरीचा गुंडा करायच्या. एकदा मात्र म्हणाल्या, "आम्हालाही देतेस का गं असं काही बोट ठेवायला?"

सगळे हसले. भिंगबाई जरा जास्तच हसली, कारण देत होती. या घरात आल्यापासून भाजीत मीठ ती चिमूटभर कमीच टाकायची. सासूबाईंनी पहिल्या घासाला म्हणावं, मीठ कमी आहे. तिनं म्हणावं, हो का, आणते. एवढ्यात सासूपण भागायचं, आणि सून दिवसातले किती तास दार लोटून खोलीत बसते याकडे कुणाचं लक्ष जायचं नाही. हे तिनं फक्त नवऱ्याला सांगितलं होतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, लाडात येऊन.

ती खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची. दहा बाय आठ, उत्तरेला एक खिडकी, खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची पांढरी भिंत आणि तिच्यावरून उतरणारा पाण्याचा नळ. बघायला काही नव्हतं, पण उजेड असा की सकाळी नऊला जसा तसाच दुपारी चारला. रंगाचं काम करणाऱ्याला असा उजेड म्हणजे अर्धं भांडवल. एका वर्षी खोलीत ओल आली म्हणून पंधरा दिवस टेबल पॅसेजमध्ये ठेवलं होतं. तिथल्या पिवळ्या दिव्यानं तिला असं फसवलं की एका दवाखान्याची दोन हजार पत्रकं काविळीच्या रंगात छापून आली. तेव्हा तिनं कानाला खडा लावला. खोली आहे तर धंदा आहे.

आणि मग दिराचं लग्न ठरलं.

दीर बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपायचा. नवी नवरी काही सोफ्यावर झोपणार नव्हती. विषय कुणी काढला नाही, पण जेवताना सगळे खोलीच्या दाराकडे बघून घास गिळायला लागले. शेवटी भिंगबाईनंच नवऱ्याला खिंडीत गाठलं. तो म्हणाला, हे बघ, आज एक काम उद्या नाही, असं असताना आईला मी काय सांगू. कायमचं एखादं काम धर, वर्षाच्या करारानं. मग तुला कोण हलवतंय. दादा बाहेर भाड्यानं बघेल. धाकट्या भावाला तो दादा म्हणायचा. सासूबाईंनीही मान डोलावली. कायमचं असलं तर प्रश्नच मिटला, म्हणाल्या.

लग्नाला अडीच महिने होते.

तिनं सगळीकडे शब्द टाकला आणि दहाव्या दिवशी कानवाल्यांचा फोन आला.

कानवाले म्हणजे ऐकण्याच्या यंत्रांचे व्यापारी. सात दुकानं. त्यांना नवी वेबसाइट हवी होती, पत्रक हवं होतं, आणि पसंत पडलं तर सातही दुकानांचं वर्षभराचं सगळं काम एकाच हाती द्यायचं होतं. मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांची बसायची खोली. काचेच्या कपाटात रबराचे कान ओळीनं मांडलेले, लहान मुलाच्या कानापासून म्हाताऱ्याच्या लोंबत्या पाळीपर्यंत. माणूस पन्नाशीचा, नीटनेटका, आणि आवाज इतका बारीक की समोरच्याला पुढे वाकावंच लागे. आयुष्य बहिऱ्यांत काढलेला माणूस एवढा हळू कसा बोलतो याचं तिला नवल वाटलं. पहिल्या भेटीत ती वाकत वाकत खुर्चीच्या टोकाला आली. त्यांनी ते पाहिलं, आवाज मात्र वाढवला नाही.

त्यांनी धंद्यातल्या चार गोष्टी समजावल्या. त्यातली एक अशी की उजव्या कानाच्या यंत्रावर लाल ठिपका असतो आणि डाव्याच्या यंत्रावर निळा. जगात कुठेही जा, हे बदलत नाही. तिनं वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी तिच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी तिघांचे नंबर मागितले. तिनं सगळ्यात खूश असलेले तिघं दिले. डॉक्टर, फरशीवाले, गुरुजी.

त्या महिन्यात भिंगबाईनं जे काम केलं ते तिच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. एका म्हातारीचा फोटो तिला मिळाला, मान जराशी वळवलेली, कुणीतरी आत्ताच हाक मारली आहे अशी. केस मागे घेतलेले, उजवा कान पुढे, कानामागे यंत्र, आणि चेहऱ्यावर ऐकू आल्याचं हसू. वेबसाइट उघडली की पहिल्यांदा ती म्हातारी. पत्रकाच्या तोंडावरही तीच. बाकी सगळं पांढरं आणि शांत. ती स्वतःच तासभर ते बघत बसली.

आणि मग सवयीनं यंत्रावरच्या लाल ठिपक्याचा निळा केला.

हात जरा अडखळला, नाही असं नाही. पण तिला वाटलं, इतक्या चांगल्या कामाला तर गालबोट हवंच. आणि कानवाल्यानं हे ओळखलं नाही तर त्यानं धंदा बंद करून भजनाला बसावं.

याच सुमारास नवऱ्यानं तिच्यापुढे खोलीचा एक नकाशा ठेवला. वहीच्या पानावर पेन्सिलीनं काढलेला. म्हणाला, समजा वेळ आलीच तर, नुसतं समजा. त्यात खिडकीच्या पुढे भलंमोठं कपाट दाखवलं होतं. भिंगबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. खिडकी बुजवून तिथे लाकूड उभं करणार? माणसाच्या डोळ्यात माती घालावी तसं? नवरा म्हणाला, दुसरीकडे बसत नाही. ती दोन दिवस भांडली. टेप घेऊन तिनं स्वतः भिंती मोजल्या, दाराशेजारच्या भिंतीला कपाट बसतं हे सिद्ध करून दाखवलं. सासूबाईही कपाळावर हात मारून म्हणाल्या की हिच्यापुढे कुणाचं चाललंय. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं हात जोडले. बरं बाई, तुझंच खरं, कपाट दाराशेजारी. त्यानं तिच्यादेखत जुनं खोडलं आणि नवं काढलं.

दोन दिवसांच्या भांडणात खोली कुणाची यावर एक शब्दही निघाला नव्हता. तिच्या ते ध्यानात आलं नाही. जिंकल्याच्या भरात तिनं त्या रात्रीच्या भाजीत मीठ बरोबर टाकलं. सासूबाई पहिल्या घासाला थांबल्या, तिच्याकडे बघितलं, आणि काही बोलल्या नाहीत.

कानवाल्यांना तिनं काम दाखवलं तो मंगळवार. त्यांनी म्हातारीचं चित्र खूप वेळ पाहिलं. त्यांची नजर कानावर गेली, यंत्रावर गेली, ठिपक्यावर थांबली. भिंगबाईनं पेन उघडून ठेवलं होतं. जीभ चावायच्या तयारीत बसली होती. त्यांनी पान उलटलं, आतलं सगळं वाचलं, परत पहिल्या पानावर आले.

"छान आहे," ते म्हणाले. "काहीही बदलू नका."

ती आणखी पुढे वाकली. तिला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"काहीही?"

"एक ठिपकासुद्धा नाही."

घरी जाताना तिला मास्तर आठवले. बोट ठेवणाऱ्याला जागा द्यावी, हे मास्तरांनी शिकवलं होतं. जागा दिल्यावरही जो बोट ठेवत नाही त्याचं काय करायचं, हे सांगितलं नव्हतं. त्यांना तसं गिऱ्हाईक भेटलंच नसावं. दुसऱ्या दिवशी तिनं कानवाल्यांना फोन केला. एकदा शेवटची नजर टाकून घेते, काही बारीकसारीक राहिलं असेल तर, असं घोळवून म्हणाली. मग त्यांनी विचारलं, तुमचा स्वतःच्या कामावर विश्वास नाही का? करार शनिवारी करायचा आहे.

खोली, खिडकी, टेबल, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

"आहे की, साहेब," ती म्हणाली. "पूर्ण आहे."

शनिवारी सकाळी अकराला तिला वरच्या मजल्यावर बोलावलं होतं. सही करायची म्हणून तिनं चांगलं पेन घेतलं होतं. आत गेली तर वीस-बावीस माणसं खुर्च्या मांडून बसलेली. सात दुकानांचे सात व्यवस्थापक आणि यंत्रं बसवणारे कारागीर. समोर पडद्यावर तिची म्हातारी, भिंतभर. कोपऱ्यात बारीक अक्षरात भिंगबाईचं नाव. कानवाले शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांनी तिला पुढे उभं राहून चित्राबद्दल दोन शब्द सांगायला लावले.

ती बोलली. उजेडाबद्दल, हसण्याबद्दल, पांढऱ्या जागेबद्दल. बोलता बोलता तिला दिसलं की पहिल्या रांगेतला एक कारागीर तोंडावर रुमाल धरून बसला आहे. त्याच्या शेजारचा छताकडे बघतोय. मग तिला कळलं की या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि हसायचं नाही अशी त्यांना ताकीद आहे.

"मॅडम," मागून तो बारीक आवाज आला. "उजव्या कानाला निळा ठिपका. तुम्हाला माहीत नव्हतं, की मुद्दाम?"

माहीत नव्हतं म्हणावं तर अडाणी. मुद्दाम म्हणावं तर त्याहून वाईट. भिंगबाईनं मधली वाट धरली.

"नजरचूक झाली, साहेब."

"नजरचूक," ते म्हणाले. मान हलवली. "होते. माणूस आहे."

तिचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तो तिथे नीट पडू दिला. मग म्हणाले, जरा आतलं पान लावा. आतल्या पानावर तिनंच काढलेली आकृती होती, यंत्र कानात कसं घालावं याची. उजवा कान, लाल ठिपका. डावा कान, निळा ठिपका. खाली तिच्याच शब्दांत, हे कधीही उलटं करू नये.

आता कुणी हसलं नाही. हसण्याच्या पुढे गेलं होतं ते.

कानवाले उठून रांगांमधून पुढे येत बोलत होते, तिच्याशी नाही, आपल्या माणसांशी. बाईंनी तीन नंबर दिले होते. मी तिघांना फोन केले. तिघांनी कौतुक केलं, आणि तिघांनीही आपण पकडलेली एक चूक अभिमानानं सांगितली. प्रत्येकी एक. दोन कुणाच्याच नाहीत. शिवाय चूक अशी, की त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. तेव्हाच मला कळलं की माझीही येणार आहे. मी वाट बघत होतो.

ते तिच्या अगदी जवळ आले आणि पुढचं तिच्याशी बोलले. ऐकू यावं म्हणून ती सवयीनं पुढे वाकली. बावीस माणसांनी तिला वाकलेलं पाहिलं.

"माझ्याकडे रोज माणसं येतात, ऐकू येत नसताना येतंय असं दाखवणारी. ती लाजेनं तसं करतात, म्हणून मी सांभाळून घेतो. तुम्ही आम्हाला मूर्ख समजून करता."

ती काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते तिलाही नंतर आठवलं नाही. म्हातारीचं चित्र मी ठेवून घेतो, ते म्हणाले, नवे कारागीर येतात त्यांना पहिल्या दिवशी दाखवायला, यंत्र कसं बसवू नये म्हणून. मग पडदा सांभाळणाऱ्याकडे वळून म्हणाले, खालचं नाव राहू द्या. पुसू नका.

जिना उतरताना तिचा फोन वाजला. दातांचे डॉक्टर. अहो मॅडम, ते म्हणाले, तो कानवाल्यांचा आज पुन्हा फोन आला होता, ती दाढ म्हणे तुम्ही... आणि पुढे त्यांना बोलवेना. डॉक्टर रागावले असते तर तिनं सांभाळलं असतं. त्यांना लाज वाटत होती, आणि ती तिच्याबद्दल नव्हती. इतकी वर्षं ती गोष्ट ते ज्याला त्याला सांगत होते. त्यांनीच फोन ठेवला.

घरी पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. दार उघडंच होतं. पॅसेजमध्ये तिचं टेबल भिंतीला लावलेलं, त्यावर संगणकाचे दोन्ही पडदे, वह्या, आणि सगळ्यात वर भिंग. खोलीत सुतार एका नव्याकोऱ्या कपाटाला पाचर मारून सरळ करत होता. कपाट दाराशेजारच्या भिंतीला. खिडकी मोकळी होती.

नवरा सोफ्यावर चहा घेत होता. सकाळच्या कामाचं काय झालं, हे त्यानं विचारलं नाही.

ती सुतारापाशी जाऊन उभी राहिली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, हे खिडकीपुढे येणार होतं, मी येऊ दिलं नाही. सुतारानं पाचर ठोकायची थांबवली आणि तिच्याकडे नवलानं पाहिलं.

"खिडकीपुढे कसं येईल वहिनी? तिथल्या भिंतीपेक्षा हे चार इंच लांब आहे. हे याच भिंतीचं माप आहे. दोन महिन्यांपूर्वीच दिलंय मला साहेबांनी."

दोन महिन्यांपूर्वी. तेव्हा कानवाल्यांचा फोनही आला नव्हता.

ती बाहेर आली. नवऱ्यानं कप खाली ठेवला.

"मला काम मिळालं असतं तर?" तिनं विचारलं.

"मिळालं असतं तर तुला बाहेर चांगली जागा घेता आली असती. तुझ्या कामाला शोभेल अशी." दावेदारांशी तो याच आवाजात बोलत असणार. "नाही मिळालं तर खोली लागते कशाला? दोन्हीकडून रिकामीच होत होती गं."

"मग तो नकाशा? ते भांडण?"

"तुला बोट ठेवायला काहीतरी नको का? तूच सांगतेस ना."

तो हे कुत्सितपणानं म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो समजुतीनं म्हणाला. एखाद्या हुशार गुरूला त्याचाच धडा म्हणून दाखवावा तसं, शाबासकीच्या अपेक्षेनं.

तिनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या कोपऱ्यात लोकर गुंडाळत होत्या. दोन बायका आहोत एका घरातल्या, काहीतरी म्हणतील, असं तिला उगाच वाटलं.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

सासूबाईंनी गुंडा संपवला. टोक आत खोचलं.

"चौदा वर्षं अळणी खाल्लं मी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, सून दमते, विसरते. मग यानं एकदा हसत हसत सांगितलं. त्यालाही बारा वर्षं झाली. तरी मी रोज म्हणत होते ना, मीठ कमी आहे? तुला हवं होतं म्हणून म्हणत होते."

भिंगबाईला बसावंसं वाटलं, पण खुर्ची टेबलाबरोबर पॅसेजमध्ये गेली होती आणि टेबलाच्या पायात अडकली होती. ती काढता निघेना. पॅसेजमधला दिवा दुपारीही लावावा लागायचा आणि तो लावलेला होता. भिंगाची पितळी कडी त्यात पिवळीजर्द दिसत होती. बाकी सगळंच पिवळं दिसत होतं.

आतून सुतारानं हाक मारली. कपाटाशेजारी दिव्याचं बटण बसवायचं होतं. साहेब म्हणाले वहिनींना विचारा, त्यांचा हात लागू द्या. डावीकडे घेऊ की उजवीकडे?

नवरा सोफ्यावरून म्हणाला, "सांग ना. तुला यातलं कळतं."

ती आत गेली. खिडकीतून उत्तरेचा उजेड नेहमीसारखा येत होता, नव्या कपाटाच्या पॉलिशवर पसरत होता. तिला सगळं कळत होतं. बटण कुठेही बसवलं तरी खोली दिराचीच होती. डावीकडे म्हटलं तर नवरा एकदा नको म्हणेल, मग हो म्हणेल. काहीच न बोलता परत फिरावं, असंही तिच्या मनात आलं. पण उजवीकडे बसवलं तर दार उघडलं की बटण मागे दडणार होतं, आणि ते तिला दिसत होतं. दिसल्यावर गप्प बसणं तिला कधी जमलं नव्हतं.

तिनं डाव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, भिंतीवर बोट ठेवलं.

सुतारानं कानामागची पेन्सिल काढली, तिच्या नखाशी एक खूण केली आणि ड्रिल उचललं. ती तशीच उभी.

"बोट काढा वहिनी," तो म्हणाला. "भोक पाडायचंय."